पाणसळीतलं घर

आमच्या साताऱ्यात सपाट जागा फक्त कॅरमच्या बोर्डावर सापडते. बाकी सगळा चढ, नाहीतर उतार. अशा गावात बापू, म्हणजे माझा मेव्हणा, पुण्याहून मोटरहोम घेऊन आला. मिनीबसमध्ये बसवलेलं वन आरके म्हणा ना. बेसिन, शेगडी, पलंग, टीव्ही, आणि खाली चार कोपऱ्यांना चार हायड्रॉलिक जॅक. “गाडी कुठंही लावा दाजी, बटण दाबलं की घर पाणसळीत!” हे तो इतक्या खात्रीनं म्हणाला की मी पांढरा पायजमा घालूनच निघालो.

कासचं पठार तसं सपाट. पण २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि नसतं तरी फुलांवर गाडी घालण्याइतके आम्ही पोचलेले नाही. म्हणून यवतेश्वराचा घाट चढून, पठाराच्या अलीकडेच, ओळखीच्या आबांच्या वावराकडेला थांबलो. सप्टेंबरची तांबडी माती, पोटभर पाऊस पिऊन बसलेली.

बापूनं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. माहितीपुस्तक निघालं. वीस मिनिटांनी बायकोनं आतून विचारलं, “हँडब्रेक ओढलायस का रे?” गाडी नुसती गिअरमध्ये होती. हँडब्रेक ओढल्याशिवाय हे जॅक हलतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण ते बहिणीकडून कळलं, हे बापूच्या जिव्हारी लागलं.

मग जॅकमध्ये तेल ढकलणारा पंप नुसता ‘टक’ म्हणून गप्प. येणाऱ्याजाणाऱ्याला दिवसभर टीव्ही लावून दाखवला होता, १२ व्होल्टची बॅटरी बसली. इंजिन चालू केल्यावर पंपाला कंठ फुटला, चारी पाय टेकले. बापूनं पंपाच्या टाकीत डोकावून “तेल कमी दिसतंय” म्हणत लिटरभर लाल तेल ओतलं. टॉर्च मीच धरला होता, तेव्हा निम्मं पाप माझं.

जॅकखाली लाकडी फळ्या ठेवायच्या असतात. त्या ‘घाण दिसतात’ म्हणून पुण्यालाच राहिल्या होत्या. रात्री दोनला डावा पुढचा जॅक मातीत रुतला, आणि मी बायकोवर, बायको भिंतीवर, असे आम्ही उजाडेपर्यंत एकाच कोपऱ्यात साठत गेलो.

सकाळी तीन जॅक वर गेले, उजवा मागचा जाईना. तो खाली असेपर्यंत बझर ओरडत राहतो. बापू गाडीखाली शिरायला लागला तसं आबांनी त्याला पायाला धरून मागं ओढलं. “नुस्त्या जॅकच्या भरवशावर खाली शिरतूस व्हय रं?”

शेवटी खालच्या गावातून ट्रॉलीचे जॅक दुरुस्त करणारे मिस्त्री आले. हयात शेणखताच्या ट्रॉल्या उलथवण्यात गेलेली. पुस्तकाकडं त्यांनी बघितलंही नाही. बापूला बटण दाबायला लावून स्वतः पंपाशी कान नेला. “ऐका. तिघांचं व्हॉल्व्ह टिकटिक करत्यात, ह्यो मुका हाय. वर वढायला स्प्रिंग हाय, पर तेलाला माघारी जायला वाटच न्हाय.” व्हॉल्व्हच्या वायरीचं टोक हिरवं पडून गळालं होतं. त्यांनी पान्यानं हाताचा व्हॉल्व्ह सैल केला. जॅकच्या पायानं चिखलातून ‘चप्प’ असा आवाज केला, लग्नाच्या पंगतीतून उठणाऱ्या जड पाहुण्यासारखा तो सावकाश वर निघाला.

मी पंपाच्या कप्प्याशी टॉर्च धरून उभा. मागं बापू पुस्तक मोठ्यानं वाचत होता, “तेलाची पातळी सर्व जॅक वर घेतल्यानंतरच...”

पुढचं मला ऐकू आलं नाही. जॅकमधलं तेल टाकीत परतलं, तिथं कालचं लिटर आधीच पाय पसरून बसलेलं. झाकणाच्या भोकातून लाल धार उडाली ती थेट माझ्या मांडीपासून घोट्यापर्यंत.

बझर थांबला. त्या शांततेत मिस्त्रींनी विचारलं, “काल तेल कुणी वतलं व्हतं?”

बापू कासच्या दिशेनं फुलं बघायला लागला.