एकशे साठ मिनिटं

तीन आठवड्यांपूर्वी शाळेकडून मेल आला. मुलींच्या बास्केटबॉल टीमचे हेड कोच पुढच्या सीझनला नसतील, "कुटुंबाला अधिक वेळ देण्यासाठी" त्यांनी पद सोडलं आहे, आजवरच्या कामाबद्दल आभार, वगैरे. आपल्याकडे मंत्री प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा देतात ना, त्यातलाच प्रकार. पंधरा मिनिटांत पालकांच्या ग्रुपवर अंगठे, बदाम आणि जोडलेले हात यांचा नुसता पाऊस. ज्यांनी जानेवारीपासून त्या माणसाला एक मॅच सुखानं खेळवू दिली नाही, त्यांचे जोडलेले हात सगळ्यांत आधी.

लेकीला सांगितलं तेव्हा ती वरणभात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे परत सगळे प्ले नव्यानं पाठ करायचे."

ती आता अकरावीत आहे. तीन सीझन, तीन कोच, आणि नोव्हेंबरात चौथा. पहिल्या कोचनं ज्या प्लेला, म्हणजे ठरवून बसवलेल्या चालीला, 'हॉर्न्स' म्हटलं, दुसऱ्यानं तोच थोडा फिरवून 'रेड' केला, आणि तिसऱ्यानं त्याला 'मिशिगन' नाव दिलं. पहिला म्हणायचा समोरच्या टीममधली आपली आपली मुलगी धरा, दुसऱ्यानं झोन शिकवला, म्हणजे मुलगी नाही, आपली जागा राखायची, तिसऱ्याला प्रेस हवा होता, म्हणजे समोरच्यांना पूर्ण कोर्टभर दाबून धरायचं. पोरींची अवस्था दरवर्षी नवीन सासर मिळाल्यासारखी. चहात साखर किती, हे कळेपर्यंत घर बदललेलं.

शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात आम्ही राहतो. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. अमेरिकेत मुलींना खेळवणारे जे कोणी मराठी आईबाप हे वाचत असतील, त्यांना आपल्याच शाळेबद्दल लिहिलंय असं वाटेल.

मी बोलतोय ते कुठल्या अधिकारानं, तर मी या टीमचं स्कोअरबुक लिहितो. कोर्टच्या कडेला, दोन्ही बेंचच्या मधोमध जे टेबल असतं तिथे बसून. यजमान शाळेची वही अधिकृत धरतात, त्यामुळे टेबलवरच्या माणसानं टाळ्या वाजवायच्या नाहीत, ओरडायचं नाही. स्वतःच्या मुलीनं बास्केट केली तरी मुकाट्यानं आकड्यावर रेघ मारायची. तीन वर्षं हे केल्यावर एक गोष्ट होते. तुम्हाला मागचं ऐकू यायला लागतं.

फेब्रुवारीतली एक मॅच सांगतो. तिसरा क्वार्टर, आम्ही चार पॉइंट्सनी मागे. आमच्या पॉइंट गार्डच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मुलीच्या, हातात बॉल. दहावीतली पोरगी, चपळ, डोक्यानं खेळणारी. कोच बेंचसमोर उभे राहून सांगतायत, बॉल फिरव, पलीकडे दे. माझ्या मागे ब्लीचर्सवर, म्हणजे प्रेक्षकांच्या बाकांवर, तिसऱ्या पायरीवरून तिचे वडील ओरडतायत, "शूट! तूच घे!" मुलीनं एकदा कोचकडे पाहिलं. मग ब्लीचर्सकडे पाहिलं. तेवढ्या वेळात समोरच्या टीमच्या मुलीनं तिच्या हातातला बॉल काढला आणि पलीकडे जाऊन बास्केटजवळून लेअप टाकला. कोच काहीच बोलले नाहीत. त्यांची मान मागून लाल झालेली मला टेबलवरून दिसत होती. वडील पुन्हा ओरडले, या वेळी कोचवर: "तिला काय खेळवताय तुम्ही?"

मी समोरच्या टीमचे दोन पॉइंट्स लिहिले. बॉल हातचा घालवला याला माझ्या वहीत रकाना नाही. पॉइंट्स, फाउल, टाइमआउट, एवढंच.

आता हिशोब. हायस्कूलची मॅच ३२ मिनिटांची, आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर. एका वेळी कोर्टवर पाच जणी. म्हणजे एका मॅचमध्ये वाटायला एकूण १६० मिनिटं. आमच्या व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये तेरा मुली. प्रत्येकीच्या आईबापाला मनातून वाटतं की आपल्या पोरीला फार नको, पण निदान २४ मिनिटं तरी मिळावीत. तेरा गुणिले चोवीस, ३१२. कोच कितीही हुशार असला तरी १६० मधून ३१२ काढू शकत नाही. बँकेतही नाही निघत. आमच्या ग्रुपवर इंजिनियर आहेत, दोन अकाउंटंट आहेत, एक तर अ‍ॅक्चुअरी (विम्याचं गणित मांडणारा) आहे, आणि हे गणित कुणीही केलेलं नाही.

मीही केलं नव्हतं.

लेक दहावीत होती, दुसऱ्या कोचचं वर्ष. स्कोअरबुकच्या कडेला मी पेन्सिलनं बारीक रेघोट्या मारायचो. ती कधी आत गेली, कधी बाहेर आली. निष्पक्ष स्कोअरर! एका रात्री आठ पॉइंट्सनी हरलो आणि तिला मिळाली होती फक्त सहा मिनिटं. सीझनच्या सुरुवातीला पालकांची सभा होते, तिथे एका कागदावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. मॅच झाल्यावर २४ तास कोचशी संपर्क करायचा नाही. मिनिटं, डावपेच आणि दुसऱ्याची मुलगी या तीन विषयांवर बोलायचं नाही. आधी मुलीनं स्वतः कोचशी बोलायचं, मग पालकांनी, आणि त्यानंतरच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे शाळेचे सगळे खेळ बघणारा माणूस. मी त्याच रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मेल पाठवला. पाच मॅचचा तक्ता जोडून. शेवटी "विथ ड्यू रिस्पेक्ट" घालायला विसरलो नाही.

सकाळी दोन ओळींचं उत्तर आलं. वही इतकी काळजीपूर्वक लिहिता याबद्दल आभार, आणि मिनिटांबद्दल तुमची मुलगी आधीच माझ्याशी बोलली आहे, तिलाच विचारा.

तिला विचारलं. ती तीन आठवड्यांपूर्वीच जाऊन बोलली होती. कोचनं सांगितलं होतं, डाव्या हातानं ड्रिबल सुधार आणि बॉल पलीकडच्या बाजूला असला की उभी राहू नकोस, मदतीला सरक. ती रोज गराजमध्ये डाव्या हातानं धपधप करायची ते यासाठी होतं. मला वाटायचं, उगाच आवाज करते. "मग मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "बाबा, तुला सांगितलं असतं तर तू मेल केला असतास."

ते कोच मार्चमध्ये गेले. माझ्या एका मेलनं गेले असं मी म्हणत नाही, तेवढा मी मोठा नाही. पण माझ्यासारखे आणखी किती जण रात्री पावणेबाराला तक्ते बनवत बसले होते, ते नंतर हळूहळू कळलं.

यावर आपल्या मंडळींचं ठरलेलं वाक्य येतं, आमच्या वेळी पालक मध्ये पडत नसत. मी सांगलीचा. शाळेत खो-खो खेळायचो. वडील एकदाही मैदानावर आले नाहीत, सर म्हणाले बस की बसायचं. पण हे मी कौतुकानं सांगत नाही. तेच सर शिट्टीच्या दोरीनं पाठीवर वळ उठवायचे. मुलींच्या टीमला मैदान मिळायचं ते मुलांचं झाल्यावर, अंधार पडता पडता, म्हणजे जवळजवळ नाहीच. आमच्या पाठीचं आणि त्यांच्या मैदानाचं विचारायला कुणाचेही आईबाप गेले नाहीत. तो समजूतदारपणा नव्हता, भीती होती आणि थोडा आळस.

तेव्हा पालकांनी तोंड शिवून बसावं असं माझं म्हणणं अजिबात नाही. कोच एखाद्या मुलीला रात्री एकटीला मेसेज करत असेल, वजनावरून सगळ्यांदेखत बोलत असेल, डोक्याला मार लागलेल्या मुलीला परत खेळायला उतरवत असेल, तर २४ तास कसले, त्याच क्षणी जाऊन दार वाजवा. माझा मुद्दा उलटा आहे. मिनिटांच्या चाळीस मेलच्या ढिगात ही एकेचाळिसावी तक्रार आली तर डायरेक्टरला ती वेगळी दिसणार कशी? त्याला वाटतं, आला आणखी एक बाप.

ही सवय कुठून लागली याचा विचार केला तर मला क्लब बास्केटबॉल दिसतं. इथे शाळेचा सीझन संपला की एएयू या शाळेबाहेरच्या खेळसंघटनेच्या क्लब टीम सुरू होतात. वर्षाला काही हजार डॉलर फी, वर विमान, हॉटेल, आणि दुसऱ्या राज्यात शनिवार-रविवारच्या टूर्नामेंट. तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता. पटलं नाही तर दुसऱ्या क्लबमध्ये जा, तिथला कोच तुम्हाला फोन करकरून बोलावतो. मार्चपासून ऑगस्टपर्यंत गिऱ्हाईक राहिलेला माणूस नोव्हेंबरात शाळेच्या जिममध्ये येतो आणि तिथेही मॅनेजरला बोलवा म्हणतो. त्यात आपण देशी लोक क्लासच्या संस्कृतीतून आलेले. फी भरली की टक्के मिळालेच पाहिजेत.

आणि हे सगळं कशासाठी, तर स्कॉलरशिप. एनसीएए ही कॉलेजचे खेळ चालवणारी संघटना, तिच्याच आकड्यांप्रमाणे हायस्कूलला बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी चार-पाच जणी त्यांच्या कॉलेज टीमपर्यंत पोचतात, आणि त्यातल्या डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे तिसऱ्या गटातल्या, कॉलेजांत खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. ज्या एखादीला खरंच संधी असते तिच्याबद्दल कॉलेजचा कोच हायस्कूलच्या कोचलाही फोन लावतो. आमच्या पोरींबद्दल त्यानं कुणाला विचारायचं? सहा महिन्यांपूर्वी आलेल्याला?

कोचला मिळतं काय, तेही बघा. आमच्याकडे हेड कोचला शिक्षकाच्या पगारावर सीझनचे साधारण सहा हजार डॉलर. प्रॅक्टिस, मॅच, बसचा प्रवास, रात्री मॅचची फिल्म बघणं, जर्सी मोजून ठेवणं, असं आठवड्याला २५ तास धरले आणि अठरा आठवडे धरले तर ४५० तास. तासाला तेरा डॉलर आणि थोडे सेंट. आमच्या इलिनॉय राज्यात किमान वेतन तासाला १५ डॉलर आहे. बर्गर देणाऱ्या मुलाला कोणी रात्री तक्ता पाठवत नाही.

आमच्याच शाळेत मुलांच्या टीमचा कोच अकरा वर्षं टिकून आहे. त्याच्यावर कमी ओरडतात असं नाही. पण त्याच्या वाटेला गेलं की डायरेक्टर स्वतः मध्ये उभा राहतो. मुलींच्या कोचच्या वेळी त्याच डायरेक्टरला "दोन्ही बाजू समजून" घ्यायच्या असतात. टायटल नाइन, म्हणजे सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा, १९७२ चा. त्याच्या आदल्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखही नव्हत्या, आज तीस लाखांच्या वर आहेत. कायद्यानं जिम मिळालं, जर्सी मिळाली. कोचची पाठराखण कायद्यानं कशी मिळणार? उलट एक विचित्र गोष्ट झाली. १९७२ च्या सुमारास कॉलेजातल्या मुलींच्या टीमपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त टीमना बाई कोच होत्या. पैसा आणि मान आला तसे पुरुष आले, आणि आज ते प्रमाण निम्म्याहून खाली आहे.

इथून तासाभरावर, शिकागोच्या वेस्ट साइडला मार्शल हायस्कूल आहे. तिथे डोरोथी गेटर्स नावाच्या बाईंनी ४५ वर्षं मुलींची टीम सांभाळली. स्वतः त्याच शाळेत शिकलेल्या. अकराशेच्या वर मॅच जिंकल्या, ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी कॅपी पॉन्डेक्स्टर त्यांच्याच हाताखालची. ४५ वर्षांत त्यांच्याकडे तक्रारी आल्याच नसतील यावर माझा विश्वास नाही. पण आज कितीही गुणी कोच आला तरी त्याला ४५ सोडा, पाच वर्षं तरी मिळतात का?

आणि पालकांची लुडबूडच बघायची तर पॅट समिटच्या वडिलांची बघा. टेनेसी विद्यापीठाच्या त्या थोर कोच, कॉलेजमध्ये १०९८ विजय. त्या हायस्कूलला होत्या तेव्हा त्यांच्या गावच्या शाळेत मुलींची टीमच नव्हती. शेतकरी बाप, बोलायला कडक. त्यानं घर हलवलं आणि शेजारच्या काउंटीत जाऊन राहिला, कारण तिथल्या शाळेत मुलींना खेळायला मिळत होतं. याला म्हणतात मध्ये पडणं. तिला मिनिटं किती मिळाली हे विचारत तो रात्री बसला असेल असं मला काही वाटत नाही.

असो. तर या वेळी शाळेनं नवीन कोच निवडायच्या समितीत एक पालक घ्यायचं ठरवलं आणि माझं नाव आलं. वही लिहिणारा म्हणजे शांत माणूस, असा समज. माझ्या पेन्सिलच्या रेघोट्या कुणाला माहीत नाहीत, आता तुम्हाला माहीत झाल्या.

परवा मुलाखती होत्या. शेवटच्या उमेदवार पलीकडच्या गावात केमिस्ट्री शिकवतात, पस्तिशीच्या असतील. डायरेक्टरनी ठरलेले प्रश्न विचारले, त्यांनी नीट उत्तरं दिली. मग नेहमीचं, "तुम्हाला काही विचारायचंय?" साधारण लोक प्रॅक्टिसची वेळ विचारतात, असिस्टंट किती ते विचारतात. या बाईंनी डायरी उघडली आणि म्हणाल्या, "याआधीच्या तिन्ही कोचचे फोन नंबर मिळतील का? मला त्यांच्याशी बोलायचंय."

डायरेक्टर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. म्हणाले, ते जरा बघावं लागेल.

माझ्याकडे दुसऱ्या कोचचा होता. त्यांनी सोडलं तेव्हा माफी मागायची म्हणून कुणाकडून तरी घेतला होता, आणि वर्षभरात एकदाही लावला नाही. वहीच्या मागच्या पानावर लिहिला, पान फाडलं आणि त्या बाईंना दिलं.