चुकलंय ना, मग तोंड उघडून सांगा की!

प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात तो सर्व्हर, पडलंय. त्यावर चालतो नोड, जावास्क्रिप्ट (जेएस) चालवणारा प्रोग्राम. लॉग उघडला तर त्यात काय, मेन डॉट जेएस, ओळ 1, कॉलम 48213. ओळ एक! सगळ्या फाइल्स जोडून बनवलेलं बंडल मिनिफाय केलेलं, म्हणजे अख्खा प्रोग्राम एकाच ओळीत कोंबलेला. आपण लिहितो टाइपस्क्रिप्ट, तिचं बिल्डमध्ये जेएस होतं; मूळ टाइपस्क्रिप्टच्या कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या फंक्शनमध्ये माती खाल्ली याचा पत्ता नाही. शेजारीच मेन डॉट जेएस डॉट मॅप पडलेली असते, तिच्यात सगळं उत्तर लिहिलेलं असतं, आणि नोड तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कारण ही सोर्स मॅप, म्हणजे तयार जेएसची कुठली जागा मूळ कोडच्या कुठल्या ओळीतून आली ते सांगणारी फाइल, वाचणं मुळात बंद असतं! 2019 मध्ये, नोडच्या 12.12 आवृत्तीत, एनेबल-सोर्स-मॅप्स हा फ्लॅग, म्हणजे कमांडमध्ये लिहायचा पर्याय, आला. तो लावला नाही तर मॅप असून नसल्यासारखी. एरर डॉट स्टॅक, म्हणजे एरर कुठून कुठून आली त्याची यादी (ट्रेस), वारंवार वाचला तर फ्लॅगमुळे वेळ जास्त लागतो, हे मान्य. पण मॅप दिसते आहे आणि फ्लॅग नाही, एवढी एक ओळ सुरुवातीला छापायला काय जातं?

बरं, फ्लॅग लावला. तो फाइलच्या नावाआधी लावायचा. नावानंतर लिहिला तर नोड तो स्वतःसाठी घेतच नाही, आपल्या स्क्रिप्टला मिळणाऱ्या शब्दांच्या यादीत, प्रोसेस डॉट आर्गव्हीमध्ये, टाकून मोकळा होतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, हू की चू नाही. स्टार्ट स्क्रिप्टमध्ये फ्लॅग डोळ्यांना दिसतोय आणि ट्रेस मात्र जुनाच. त्यापेक्षा नोड_ऑप्शन्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कमांडच्या बाहेर ठेवलेल्या सेटिंगमध्ये, टाका, जागेचा घोळच राहत नाही.

आणि सगळ्यात जास्त संताप येतो तो इथे: मॅपची फाइल जागेवर नसेल, किंवा तिचं जेसन (ती ज्या स्वरूपात लिहिलेली असते ते) तुटलेलं असेल, तर नोड ती एरर आतल्या आत पकडतो आणि मूग गिळून बसतो. डॉकरइग्नोरमध्ये, म्हणजे सर्व्हरवर जाणाऱ्या पॅकेजमधून (इमेजमधून) काय वगळायचं त्या यादीत, कुणीतरी इमेज लहान करायची म्हणून सगळ्या डॉट मॅप फाइल्स वगळलेल्या असतात. जेएसच्या शेवटच्या ओळीत सोर्समॅपिंगयूआरएल, म्हणजे मॅपचा पत्ता, तसाच, आणि तो जिथे बोट दाखवतोय तिथे काहीच नाही. खरं कारण बघायचं तर नोड_डीबग या व्हेरिएबलला सोर्स_मॅप ही किंमत द्यावी लागते, तेव्हा कुठे ती गिळलेली एरर बाहेर येते. हे किती जणांना माहीत असणार?

मॅप सापडली तरी ती खरं बोलेल याची खात्री नाही. तिच्यातला मुख्य भाग, मॅपिंग्ज, म्हणजे अक्षरांची लांबलचक माळ. प्रत्येक अर्धविराम म्हणजे तयार फाइलमधली पुढची ओळ, स्वल्पविराम म्हणजे त्याच ओळीतला पुढचा तुकडा. आता बिल्ड झाल्यावर एखाद्या शेल स्क्रिप्टने फाइलच्या डोक्यावर लायसन्सची एक ओळ चिकटवली, की सगळे आकडे एका ओळीने घसरले. एरर 42 व्या ओळीवर, ट्रेस भलत्याच फंक्शनवर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! ती ओळ बंडल बनवणाऱ्या बंडलरच्याच बॅनर पर्यायातून घाला, म्हणजे मॅप तिच्यासकट बनते. टर्सर हा मिनिफाय करणारा प्रोग्राम नंतर वेगळा चालवत असाल तर आधीची मॅप त्याला कंटेंट पर्यायातून द्या. नाही दिलीत तर नवी मॅप मधल्या जेएसपर्यंतच पोचते, टाइपस्क्रिप्टपर्यंत नाही. आणि टीएसकॉन्फिगमध्ये, टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, सोर्समॅपसोबत इनलाइनसोर्सेस चालू ठेवा, म्हणजे मूळ कोड मॅपमध्येच येतो. सर्व्हरवर मूळ सोर्स फोल्डर नसतं, त्यामुळे हे नसेल तर ओळीचा आकडा मिळतो पण कोड दिसत नाही.

मॉड्यूलचं, म्हणजे एका फाइलमधला कोड दुसरीत आणण्याच्या पद्धतीचं, तर बोलायलाच नको. इम्पोर्टवाली ईएस मॉड्यूल 2015 मध्ये जावास्क्रिप्ट भाषेत आली, आणि आजही एका प्रोजेक्टमध्ये नोडचा जुना रिक्वायर आणि नवा इम्पोर्ट एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. टीएसकॉन्फिगमध्ये मॉड्यूलरिझोल्यूशन (इम्पोर्टची फाइल कशी शोधायची ते) बंडलर ठेवलं तर फाइलचं एक्स्टेन्शन न लिहिलेला इम्पोर्ट टाइपस्क्रिप्ट निमूट पास करतो, आणि तोच कोड बंडल न करता चालवला की नोड म्हणतो, मॉड्यूल सापडत नाही. नोडनेक्स्ट ठेवा, निदान कंपाइल करतानाच ओरडतो. टीएसकॉन्फिगच्या पाथ्समध्ये फोल्डरांना दिलेली टोपणनावं टीएससी, म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, आउटपुटमध्ये बदलत नाही, जशीच्या तशी सोडतो. त्याऐवजी पॅकेज डॉट जेसनच्या इम्पोर्ट्समध्ये हॅशने सुरू होणारी नावं द्या, ती नोडला स्वतःला कळतात.

नोड 22.12 पासून ईएस मॉड्यूल फ्लॅगशिवाय रिक्वायर करता येतं, हे चांगलं झालं. पण त्या मॉड्यूलमध्ये, किंवा ते ज्याला इम्पोर्ट करतं त्यात कुठेही, टॉप-लेव्हल अवेट, म्हणजे फंक्शनच्या बाहेर लिहिलेलं थांबणं, असेल की पुन्हा एरर. ती एरर निदान दिसते. दिसत नाही तो दुहेरी पॅकेजचा प्रकार: एकच लायब्ररी एकीकडून रिक्वायरने आली, दुसरीकडून इम्पोर्टने, आणि मेमरीत तिच्या दोन प्रती झाल्या. एका प्रतीतला नॉटफाउंड क्लास फेकला, हँडलरमध्ये दुसऱ्या प्रतीतल्या क्लासशी इन्स्टन्सऑफ लावला (ही एरर याच क्लासची का, हे विचारलं), उत्तर 'नाही'. 404 (सापडलं नाही) जायला हवा तिथे ग्राहकाला 500 (सर्व्हर बिघडला). क्लासचं नाव तेच, ट्रेस वरवर तोच, आणि माणूस भिंतीवर डोकं आपटत बसतो. तपासायचं असेल तर ट्रेसमध्ये फाइलचे पाथ नीट वाचा: एकीकडे सीजेएस (रिक्वायरवालं) फोल्डर, दुसरीकडे ईएसएम (इम्पोर्टवालं). आणि एररची ओळख क्लासवरून नको, कोड या प्रॉपर्टीवरून पटवा.

हे सगळं गप्पच बसणार असेल तर बिल्डमध्येच पकडा. इमेज तयार झाली की तिच्याच आत, प्रॉडक्शनच्याच कमांडने, एक ठरवून एरर फेकणारी फाइल चालवा. तीही टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेली आणि त्याच बिल्डमधून आलेली हवी. स्टडएररमध्ये, म्हणजे एरर जिथे छापल्या जातात त्या आउटपुटमध्ये, डॉट टीएस (टाइपस्क्रिप्ट फाइलचं नाव) आणि बरोबर ओळीचा आकडा शोधा. सापडला नाही तर बिल्ड तिथेच लाल करा.