दोन दशांशांचे पीएच मीटर आणि एक चुकीचा सल्ला

घरी मासे पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘दोन दशांश दाखवणारे पेनसारखे पीएच मीटर घ्या, ते कारखान्यातूनच कॅलिब्रेट होऊन येते, एटीसी असल्याने तापमानाची काळजी नको, वापरून झाल्यावर टोक आरओच्या पाण्यात ठेवा आणि थेंबांचे किट टाकून द्या.’ पीएच म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे हे सांगणारा आकडा, कॅलिब्रेट करणे म्हणजे ठाऊक पीएचच्या द्रावणाशी मीटर जुळवून घेणे, एटीसी म्हणजे तापमानानुसार आपोआप होणारी दुरुस्ती आणि थेंबांचे किट म्हणजे पाण्यात थेंब टाकून रंगावरून पीएच ओळखण्याचा संच. या सल्ल्यातले प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे.

पहिली गोष्ट दशांशांची. पडद्यावर ७.४२ दिसते म्हणून मापन तितके अचूक ठरत नाही. वेष्टनावर अचूकता ±०.१ अशी छापलेली असेल, तर खरा पीएच ७.३२ ते ७.५२ यांमध्ये कुठेही असू शकतो. खरेदी करताना हाच आकडा पाहावा.

कारखान्यातील कॅलिब्रेशनचा दावा सर्वांत घातक आहे. प्रोबच्या, म्हणजे मीटरच्या पाण्यात बुडवायच्या भागाच्या, टोकाशी असलेल्या काचेच्या पातळ फुग्यावर निर्माण होणारा विद्युतदाब मीटर मोजतो. आदर्श प्रोबमध्ये २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या एका एककामागे हा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. काच जुनी होते तसा हा बदलाचा दर, म्हणजेच उतार, कमी होत जातो आणि शून्यबिंदूही सरकतो. त्यामुळे दुकानात कित्येक महिने पडून असलेल्या मीटरवर कारखान्यातल्या कॅलिब्रेशनच्या भरवशावर विसंबता येत नाही. एकाच बफरने, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने, केवळ शून्यबिंदू जुळतो, उतार जुळवायला दुसरा बफर लागतो. म्हणून टाकीतल्या पाण्याचा पीएच सातच्या वर असेल तर ६.८६ आणि ९.१८, खाली असेल तर ६.८६ आणि ४.०० हे बफर वापरावेत. बफरच्या भुकटीच्या पुड्यांवर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा २५० मिलिलिटर, डिस्टिल्ड वॉटरमध्येच त्या विरघळवाव्यात. ९.१८ च्या बफरचा पीएच हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषल्याने हळूहळू उतरतो, म्हणून बाटलीचे झाकण घट्ट हवे आणि वापरलेला बफर पुन्हा बाटलीत ओतू नये.

एटीसी फक्त प्रोबच्या उतारातला तापमानामुळे होणारा फरक भरून काढते. पीएच ८ च्या पाण्यात पाच अंशांच्या बदलाने ती चूक जेमतेम ०.०२ होते. बिघडलेला प्रोब किंवा शिळा बफर यांवर एटीसीचा काहीही इलाज नाही.

आरओच्या पाण्यात प्रोब ठेवण्याचा सल्ला तर प्रोबचे आयुष्यच घटवतो, कारण प्रोबमधले क्षार हळूहळू पाण्यात झिरपून जातात. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचे तीन मोलर द्रावण असावे. ते हाताशी नसेल तर तात्पुरता ४.०० चा बफर चालतो. प्रोब कोरडा मात्र कधीही ठेवू नये.

थेंबांचे किट ढोबळ असले तरी ते स्वतंत्र साक्षीदार आहे. त्याची मुदत संपली नसेल आणि त्याच्या व मीटरच्या आकड्यांत अर्ध्या एककाचा फरक पडला, तर आधी मीटरच तपासावे. हा फरक किरकोळ नाही, कारण टाकीतला अमोनिया माशांना किती विषारी ठरतो हे पीएचवर अवलंबून असते. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर पीएच ८ ला पाच टक्क्यांहून अधिक.

म्हणून माझी निवड प्रोब बदलता येणाऱ्या, दोन बिंदूंवर कॅलिब्रेट होणाऱ्या आणि शक्य असल्यास आदर्श प्रोबच्या तुलनेत उताराची टक्केवारी दाखवणाऱ्या मीटरची असेल, मग त्यावर एकच दशांश दिसत असला तरी चालेल.