"दर थोड्या वेळाने एक प्लेट उलटी येते" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. प्लेटा एका दिशेने लावून पुढे पाठवणाऱ्या आमच्या मशीनमधून काही प्लेटा उलट्या येतात, फिटरने "तुमच्या मालाला तेल आहे" म्हणत हात झटकले आणि ११ दिवस कोणी फिरकलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. ११ दिवस खरे आहेत, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्याहून वाईट वाटलं ते हे वाचून, की शिफ्टभर एक ताई उभ्या राहून हाताने प्लेटा फिरवतात. तेच काम वाचावं म्हणून तर तुम्ही मशीन घेतलं.

तेलाचं फिटर बोलला ते अर्धंच होतं. तुमची प्लेट ६० बाय ४० मिमी, जाडी २ मिमी, भोक एका टोकाला. बेल्टवरची तिरकी गाईड पट्टी प्लेटची लांब बाजू बरोबर लावून घेते, पण पट्टीला बाजू कळते, भोक कळत नाही. भोक पुढे की मागे, हे दोन बेल्टच्या मधल्या फटीतला सेन्सर बघतो आणि चुकीची प्लेट हवेचा झोत बाहेर ढकलतो. प्रेसवरून, म्हणजे पत्रा कापणाऱ्या मशीनवरून, आलेल्या तेलकट प्लेटा मात्र एकीवर एक चिकटून जोडीने येतात. सेन्सर त्या जोडीलाही चूक म्हणतो, पण झोत एका प्लेटच्या वजनाला लावलेला. जोडी हलत नाही, तशीच पुढच्या कामाच्या जागी, स्टेशनवर जाते.

हे आम्हाला ट्रायललाच दिसायला हवं होतं. तुम्ही पाठवलेले नमुने धुतलेले, कोरडे होते. त्यावर मशीन सुंदर चाललं आणि आम्ही खूश झालो. प्रेसखालचा माल मागून घेणं आमचं काम होतं, तुमचं नव्हे. तुम्ही आता प्लेटा धुवायला लागू नका. तो खर्च तुमच्या माथी मारणं मला पटत नाही.

येत्या शनिवारी मी स्वतः फिटरला घेऊन येतो. गाईड पट्टीच्या आधी बेल्टपासून ३ मिमी उंचीवर एक तिरका वायपर, म्हणजे अडवणारी पट्टी, बसवू. खालची प्लेट त्याखालून जाईल, वरची बाजूला सरकून परत हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या डब्यात, पडेल. झोताचा प्रेशरही तिथेच नव्याने लावू. पैसे नाहीत, फिटरच्या येण्याजाण्याचेही नाहीत.

फक्त प्रेसखालच्या, न पुसलेल्या प्लेटांचे दोन क्रेट बाजूला काढून ठेवा. ते दोन्ही संपेपर्यंत आम्ही तिथून हलणार नाही, आणि त्या ताईंनाही तेव्हा लाईनवर बोलवा. प्लेट नेमकी कुठे अडते ते त्यांनीच रोज पाहिलंय.