मैत्री असावी, पण ठरावानिशी

वेणू नागवळ्ळी यांचा १९९० सालचा 'लाल सलाम' पाहून तुम्हालाही केरळात जाऊन कॉम्रेड व्हावंसं वाटलं असेल, एक बिडी दोघांत ओढणारा जिवलग मित्र असावा असं वाटलं असेल, तर हौस चांगली आहे. मित्र तेवढा जपून निवडा. शत्रूचं काय, तो पुढे पक्षच निवडून देतो.

सिनेमातले मोहनलाल आणि मुरली हे चळवळीतले सवंगडी. पुढे एक मंत्री होतो, दुसऱ्याच्या हाती पैसा खेळू लागतो, आणि काल ज्या मैत्रीचा गौरव होत होता तिची आज अडचण होते. कथा लिहिणारे चेरियन कल्पकवाडी हे वर्गीस वैद्यन या कम्युनिस्ट नेत्याचे चिरंजीव, म्हणजे गोष्ट घरातलीच. मंत्री झालेल्या मित्रामागे केरळचे कम्युनिस्ट नेते टी. व्ही. थॉमस सहज ओळखू येतात, आणि नायिकेमागे त्यांच्या पत्नी, कम्युनिस्ट नेत्या के. आर. गौरी अम्मा. यातून घ्यायचं ते एवढंच: लपूनछपून राहण्याच्या काळात मैत्री खुशाल करा, कुणी हिशेब मागत नाही. सत्ता आली की मात्र जुन्या मित्राकडे चहा घेताना पैसे कुणी दिले ते लिहून ठेवा. शाखेच्या बैठकीत विचारतील.

लग्नाची तर मुळीच घाई नको. थॉमस आणि गौरी अम्मा १९५७ साली बोहल्यावर चढले, तेव्हा दोघंही केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री होते. सोव्हिएत-चीन वादाच्या सावलीत १९६४ मध्ये पक्ष फुटला. नवरा भाकपमध्ये राहिला, बायको माकपमध्ये गेली. (या फुटीत आपलाही वाटा आहे, हे मराठी माणसाने विसरू नये. त्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून गेले, ते पक्षाचे मराठी नेते कॉम्रेड डांगे आणि ब्रिटिशांना लिहिलेली म्हणून गाजलेली त्यांची जुनी पत्रं यांवरून. ज्या पक्षात डांगे राहिले त्यानेही १९८१ मध्ये त्यांना बाहेर काढलं, हा भाग वेगळा.) १९६७ साली सात पक्षांच्या सरकारात नवरा-बायको पुन्हा एकत्र आले, पण दोन पक्षांचे मंत्री म्हणून. पुढे भाकपने काँग्रेसशी सूत जमवलं, तेव्हा भाकपचे मुख्यमंत्री अच्युत मेनन यांच्या मंत्रिमंडळात नवरा उद्योगमंत्री आणि बायको विरोधी बाकावर. तेव्हा स्थळ पाहायला गेलात तर पत्रिका, पगार, फ्लॅट हे सगळं मागाहून. आधी मुलाला सोव्हिएत-चीन वादावर मत विचारा, आणि तो 'दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात' म्हणाला तर चहा-पोहे अर्धे टाकून उठा.

गौरी अम्मांकडून आणखीही शिकण्यासारखं आहे. केरळच्या जमीन सुधारणेशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं. १९८७ च्या निवडणुकीत 'केरळवर गौरी राज्य करील' अशी घोषणा गावोगाव दुमदुमली. निकाल लागला, आघाडी जिंकली आणि मुख्यमंत्री झाले ई. के. नयनार. म्हणून तुमच्या नावाच्या घोषणा ऐकल्यात तरी शपथविधीसाठी नवी साडी घेऊ नका. १९९४ मध्ये पक्षाने त्यांना काढलं, आणि २००१ मध्ये त्या काँग्रेस आघाडीच्या सरकारात मंत्री झाल्या. मग २०१९ साली त्यांनी शंभरीत पाऊल टाकलं, तेव्हा शुभेच्छा द्यायला माकपचे मुख्यमंत्री जातीने हजर! रुसवा निघतो, निघत नाही असं नाही. प्रकृती तेवढी सांभाळा.

मित्रच पक्ष सोडून गेला तर काय करावं, हा प्रश्न अवघड आहे. कोळिकोड जिल्ह्यातल्या ओंचियमचे माकप नेते टी. पी. चंद्रशेखरन २००८ मध्ये पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी आपला वेगळा पक्ष काढला. ४ मे २०१२ च्या रात्री त्यांचा खून झाला. अंगावर ५१ वार होते. पुढे ज्यांना शिक्षा झाली त्यांत माकपचे स्थानिक नेतेही होते. इथे मला विनोद सुचत नाही. सल्ला देता येतो, तो असा की सांत्वनाला जायचं तर पंचांग पाहून जा. माकपचे माजी मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन, म्हणजे १९६४ च्या त्या ३२ जणांपैकी एक, चंद्रशेखरन यांच्या पत्नीला भेटायला गेले ते २ जूनला, नेय्याट्टिनकरा पोटनिवडणुकीचं मतदान चालू असताना. पक्षात त्यावर जे वादळ उठलं, त्यावरून एखाद्याला वाटावं की खून त्या दिवशी झाला. जागाही गेली, आणि जिंकला तो काँग्रेसच्या तिकिटावर उभा राहिलेला माकपचाच माजी आमदार.

आणि कॉम्रेड, बरोबर असलात तरी वेळेआधी बरोबर असू नका. मुस्लिम लीग आणि केरळ काँग्रेस यांच्याशी हातमिळवणी करावी असं माकपचे नेते एम. व्ही. राघवन १९८५ च्या सुमारास म्हणाले, पर्यायी मसुदाच मांडला, आणि १९८६ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. लीग तर १९६७ च्या सरकारातही होती, असं तुमच्या मनात येईल. येऊ द्या, बोलू नका. २०२० मध्ये केरळ काँग्रेसचा मणी गट डाव्या आघाडीत वाजतगाजत आला, तोपर्यंत राघवन जाऊन सहा वर्षं होत आली होती.

आता हे मणी कोण? के. एम. मणी, काँग्रेस आघाडीच्या सरकारातले राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री, बार परवान्यांच्या लाचेचा आरोप झालेले. १३ मार्च २०१५ ला त्यांना अर्थसंकल्प मांडू द्यायचा नाही म्हणून डाव्या आमदारांनी सभागृह डोक्यावर घेतलं, विधानसभा अध्यक्षांची खुर्चीच खाली फेकली आणि सुमारे २ लाख २० हजार रुपयांचं नुकसान केलं. त्या खटल्यातले एक आरोपी, माकपचे व्ही. शिवनकुट्टी २०२१ मध्ये शिक्षणमंत्री झाले. त्याच मंत्रिमंडळात जलसंपदामंत्री कोण, तर मणींच्या पक्षाचे रोशी ऑगस्टिन. खटला मागे घेऊ द्या म्हणून सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण न्यायालयाने ऐकलं नाही. न्यायमूर्तींना डावपेचांची समज कमी, दुसरं काय!

तेव्हा विधानसभेत गेलात आणि फर्निचर फेकायची वेळ आलीच, तर जरा बेतानं फेका. पुढच्या खेपेला त्यांच्याच माणसाला बसायला द्यावं लागतं.