पोच द्या, एवढंच म्हणतेय!

"लेखी द्या." हे दोन शब्द ऐकले की आता डोक्यात तिडीक जाते.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या टॉयलेटला दोन महिने पाणी नाही. बस, एवढीच तक्रार. कुणा सरांविरुद्ध नाही, मॅडमविरुद्ध नाही, नळाविरुद्ध आहे! एचओडी (विभागप्रमुख) सरांना सांगितलं तर म्हणे हे प्रिन्सिपल मॅडमच्या अखत्यारीत येतं. मॅडमच्या केबिनबाहेर पाऊण तास बसले. शेवटी शिपायाकरवी निरोप आला: लेखी द्या.

दिलं लेखी. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांनी धडाधड अंगठे टाकले होते, सह्यांच्या वेळी उरल्या अकरा जणी. त्यांना मी बोल लावणार नाही. इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्याच टेबलावर आपलं नाव असलेला कागद ठेवायला छाती लागते. (मुलं तर "आमच्याकडे येतं की पाणी" म्हणून मोकळी.)

ऑफिसात क्लार्क काकांनी अर्ज वाचला न वाचला, ट्रेमध्ये टाकला. मी झेरॉक्स पुढे केली. "काका, यावर पोच द्या ना. इनवर्ड नंबर आणि शिक्का." अर्धी इस्टेट नावावर करून मागावी तसं बघितलं त्यांनी माझ्याकडे! "मॅडमनी सांगितल्याशिवाय शिक्का मारता येत नाही." मॅडम म्हणतात ऑफिसात द्या, ऑफिस म्हणतं मॅडमना विचारा. शिक्का टेबलावरच, हाताच्या अंतरावर. मीच उचलून मारला असता तर गुन्हा दाखल झाला असता, तोही त्याच दिवशी, पोचसकट.

शिक्क्यासाठी एवढी का अडून बसलेय? तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३चे विद्यार्थी तक्रार निवारण नियम आहेत. द्यायच्या सोयी न देणं हीसुद्धा तक्रार, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. समिती हवी, तिने तक्रार मिळाल्यापासून शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. झकास! पण "तक्रार मिळाल्यापासून". मिळालीच नाही तर? शिक्का नाही म्हणजे तारीख नाही, आणि तारीख नाही म्हणजे ते पंधरा दिवस सुरूच होत नाहीत. काकांना हा नियम माहीत नसेलही, पण त्यांचा हात बरोबर त्याच जागी अडतो.

समिती आहे हो आमच्याकडे. नोटीस बोर्डावर काचेमागे यादी आहे. तिच्यातल्या एक मॅडम मागच्या वर्षीच कॉलेज सोडून गेल्या. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून ज्याचं नाव आहे तो माझ्या ओळखीचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी? कधीपासून?"

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची येते माहितीये? समजावणीची. एचओडी सरांनी परवा बाजूला बोलावून घेतलं. "हुशार मुलगी आहेस, कशाला या भानगडीत पडतेस? घरी माहितीये का हे सगळं?" घरी काय माहिती असायला हवं, सर? मुलगी पाणी मागते हे? दोन महिन्यांत प्लंबर आला नाही, पण माझ्या करिअरची काळजी मात्र दोन दिवसांत आली. आमच्यातल्या काही जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, त्या काळजीचं काय?

कॉलेजच्या गेल्या वर्षीच्या अहवालात एक ओळ आहे: "प्राप्त तक्रारी : निरंक." निरंकच असणार ना! घेतल्याच नाहीत तर आकडा येणार कुठून?

सोमवारी मी तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवला. ज्या ऑफिसात माझ्या वर्गातून चाळीस पावलांत पोचता येतं, तिथे! काल ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" आलं. स्क्रीनशॉट काढून अकराही जणींना पाठवलाय आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहून ठेवलीय.

पाणी आजही नव्हतं.