आधी टाकी, मग कार्बोरेटर

चोपड्याच्या भाऊ, तुमचं म्हणणं असं की, खळ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली हीरो होंडाची सीडी १०० मोटरसायकल चालू करायला टाकी उतरवा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) खोला हा रिकामा उद्योग आहे. नवीन कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) टाका, ताजं पेट्रोल भरा, किका मारा, संपलं. आणि कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं, त्याबद्दल ‘जेटमध्ये तार घालू नका’ म्हणून मी लोकांना उगाच घाबरवतो.

दोन-तीन महिने उभ्या गाडीला तुमचाच उपाय बरा. कार्बोरेटरच्या तळच्या वाटीचा, म्हणजे बाऊलचा, स्क्रू ढिला करून शिळं पेट्रोल सोडायचं, ताजं भरायचं, निघायचं. पण आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या टाकीला हात लावून बघा! पेट्रोल उडून जातं, मागे चिकट डिंक उरतो. पावसाळ्यात रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि गंज धरतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही पेट्रोलपासून सुटून तळाला बसतात. कॉकही तिथेच. मग गंजाचा बारीक चुरा जाळीतून निसटून तुमच्या नव्याकोऱ्या कार्बोरेटरमध्येच जाणार. बाऊल भरला की पेट्रोल बंद करणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली एक कण अडकला तरी ओव्हरफ्लो सुरू, पेट्रोल बाहेर वाहतं. कॉकमधली जुनी रबरं तर ह्या पेट्रोलनं फुगतात, ती बदलाच.

आता तार. पायलट जेट, म्हणजे गाडी हळू चालताना पेट्रोल देणारं छोटं जेट, पितळेचं. उजेडाकडे धरलं की टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, बस्स. पोलादी तार फिरवली की भोक मोठं होतं, पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो आणि शिव्या प्लगला बसतात. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा. अगदीच अडलं तर वायरमधली तांब्याची एक मऊ तार, तीही न घासता. ओरिजिनल कार्बोरेटरची बॉडी धड असेल तर तोच साफ करावा. बाजारातल्या स्वस्त नकलेवर माझा विश्वास नाही.

‘थोडं अंतर जाऊन बंद पडते म्हणजे कॉइल गेली’ असंही तुम्ही लिहिलंय, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल. असेलही. पण आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही, ते मोकळं करा. तरीही नाही झाली, तर मग कॉइलकडे वळा.